सातारच्या बहिणीने कापलेले केस

आंबेडकरी साहित्यात राग आहे, नकार आहे, विद्रोह आहे, पण जगण्यातला हळुवारपणा कुठे आहे, हा प्रश्न आम्हाला गेली पन्नास वर्षे विचारला जातो आहे. विचारणारे बहुधा सभ्य लोक असतात. आधी ते आमच्या वेदनेबद्दल आदर व्यक्त करतात, मग आवाज थोडा खाली आणून सांगतात की साहित्य म्हणजे नुसता आक्रोश नसतो, माणसाच्या आयुष्यात चांदणेही असते. 'गोलपिठा' १९७२ साली आला तेव्हा हेच म्हटले गेले, 'बलुतं' १९७८ साली आले तेव्हाही थोडे बदलून हेच म्हटले गेले. आजही एखाद्या परिसंवादात आमच्या कवीच्या पुढ्यात माईक आला की अध्यक्ष महाशय हाच प्रश्न काढतात.

दुसरा प्रश्न आपल्याच घरातून येतो आणि तो आम्हाला जास्त बोचतो. आपले तरुण मित्र म्हणतात, भूक, भाकरी, आई, फाटके लुगडे हे सगळे पुरे झाले. रडगाणे बंद करा. आता आम्हाला पँथर पाहिजे, कोटातले बाबासाहेब पाहिजेत, संविधान हातात घेतलेले बोट पाहिजे. अश्रूंनी चळवळ दुबळी होते.

पहिल्या प्रश्नकर्त्याला आमचे दुःख खडबडीत वाटते, दुसऱ्याला ते चिकट वाटते. पण दोघांचा समज एकच आहे. आयुष्यात माया एका खोलीत राहते, कष्ट आणि अपमान दुसऱ्या खोलीत राहतात, आणि लेखकाने कोणत्या खोलीचे दार उघडायचे ते ठरवायचे असते, असे दोघेही धरून चालतात. आमचे म्हणणे असे की ज्यांना एकाहून अधिक खोल्या कधी मिळाल्याच नाहीत त्यांच्या साहित्याला हे माप लावणे चूक आहे. आमच्याकडे माया आणि छळ एकाच चुलीपाशी बसलेले होते. आणि जातिव्यवस्थेचा पहिला घाव पोटावर पडतो असे आपण म्हणतो खरे, पण तो अनेकदा त्याहून आधी मायेवर पडतो.

पुरावा म्हणून आम्ही कुणा कवीकडे जात नाही, थेट बाबासाहेबांकडे जातो.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे बाबासाहेबांचे छोटेसे आत्मकथन त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली प्रसिद्ध केले. आपल्यापैकी बहुतेकांना त्यातला मसूर स्टेशनचा प्रसंग ठाऊक आहे, कारण भाषणात तो हमखास येतो: स्टेशनमास्तर, बैलगाडी, पाणी. पण त्या प्रसंगाच्या आधीची दोन-तीन पाने भाषणात येत नाहीत. आमच्या मते सगळी गोष्ट तिथे आहे.

साल १९०१. आई जाऊन काही वर्षे झालेली. वडील खटाव तालुक्यात, दुष्काळी कामावर खजिनदार. घरी साताऱ्याला चार मुले आणि सांभाळायला आत्या. आत्याला धड चालता येत नाही, उचलून न्यावे लागते. बहिणी लग्न होऊन आपापल्या घरी. मुले शाळेत जातात आणि स्वयंपाकही स्वतःच करतात. भाकरी थापणे त्यांना जमत नाही, म्हणून भात आणि मटण एकत्र शिजवून पुलाव करतात आणि त्यावर दिवस काढतात. हे सांगताना बाबासाहेब कुठेही गळा काढत नाहीत. चार पोरे, एक अपंग आत्या आणि भाकरी जमत नाही म्हणून केलेला पुलाव, एवढेच. तरी वाचताना त्या घरातला धूर नाकात जातो.

मग वडिलांचे पत्र येते: उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे या. पोरे हरखून जातात. आयुष्यात आगगाडी पाहिलेली नाही. तयारी सुरू होते. इंग्रजी बनावटीचे नवे सदरे, चमचमत्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. बाबासाहेबांनी कपड्यांची ही यादी पुढे कित्येक वर्षांनी आठवून लिहिली, ते आपण लक्षात घ्यावे. तोवर ते जगातल्या मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या घेतलेले, बॅरिस्टर झालेले, गोलमेज परिषदेत बोललेले गृहस्थ होते. त्यांना त्या टोप्या आठवत होत्या.

त्या टोप्यांमुळेच पुढचा प्रसंग इतका लागतो. स्टेशनमास्तरला ही सजलेली पोरे ब्राह्मणांची वाटतात, म्हणून तो आपुलकीने चौकशी करतो. पोर खरे सांगते, आणि मास्तरच्या चेहऱ्यावरचा रंग उडतो. नोकराने चिठ्ठीची बातमी वडिलांना दिलेलीच नसते, त्यामुळे न्यायला कुणी आलेले नाही. दुप्पट भाड्याच्या कबुलीवर गाडी मिळते, पण हाकायची मुलांनी, गाडीवान सोबत चालणार. डब्यात जेवण भरपूर आणि प्यायला थेंब नाही. ही गोष्ट नुसत्या तहानेची असती तर ती दुष्काळाची गोष्ट झाली असती. बापाने मायेने बोलावले, घरात मायेने शिधा बांधला, पोरांनी नवे कपडे घातले, आणि त्या सगळ्या आनंदावर जातीने हात घातला. मायेचा भाग काढून टाका, घटनेचे अर्धे वजन उतरते. आमचे वक्ते नेमका तोच भाग गाळतात.

याच लिखाणात आणखी एक जागा आहे. साताऱ्यात न्हावी होते, त्यांना पैसे देण्याची ऐपतही होती, पण अस्पृश्याच्या केसांना कुणी हात लावत नसे. म्हणून घरातल्या मुलांचे केस थोरली बहीण कापायची, आणि कापून कापून ती त्या कामात तरबेज झाली. कपडेही बहिणीच धूत, साताऱ्यात धोबी असूनही.

आता ठरवा, हा प्रसंग मायेचा की छळाचा? भावाचे डोके आपल्या पुढ्यात घेऊन हळूहळू केस कापणारी बहीण, हे चित्र कुठल्याही भाषेतल्या साहित्याला शोभेल असे हळवे आहे. पण ती बहीण न्हावीण झाली ती हौसेने नव्हे. गावाने तिच्या भावाचे डोके विटाळाचे ठरवले म्हणून झाली. अपमान झाकायला तिने हात पुढे केला, आणि भावाला त्या वयात त्यातला हातच कळला असेल, अपमान नंतर कळला असेल. ज्यांना वाटते की आमच्या साहित्यात हळुवारपणा सापडत नाही, ते बहुधा अपमानापासून वेगळा काढलेला, धुऊन-पुसून ठेवलेला हळुवारपणा शोधत असतात. तसा आमच्याकडे फारसा नाही, हे खरे आहे. तो नसण्याचा जाब आम्हाला का विचारता?

त्याच पुस्तकात काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र बाबासाहेबांनी घेतले आहे. ते १९२९ च्या डिसेंबरात 'यंग इंडिया'त छापून आले होते. शिक्षकाची बायको बाळंत झालेली, दोन दिवसांनी आजारी पडते. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. मोठ्या मिनतवारीने येतो तो वस्तीच्या बाहेरपर्यंत. बाळंतिणीला तान्ह्या मुलासह बाहेर आणावे लागते. डॉक्टर थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात देतो, तो नवऱ्याला देतो, नवरा बायकोच्या तोंडात ठेवतो, आणि त्याच वाटेने थर्मामीटर परत जाते. बाई वाचली नाही.

आम्ही हे पत्र पुन्हा पुन्हा वाचले आहे. त्यात शिवी नाही, घोषणा नाही. त्या थर्मामीटरच्या वाटेवर दोनच माणसांचे हात माणसाचे आहेत, नवऱ्याचे आणि त्या मुसलमान माणसाचे. डॉक्टर शिकलेला होता, त्याने फी घेतली होती, आजाराचे नावही त्याने सांगितले. त्याला येत नव्हते ते एवढेच, की आजारी बाईच्या कपाळावर हात ठेवायचा. अस्पृश्यता हा शब्द आपण इतक्यांदा वापरला आहे की त्यातला 'स्पर्श' आपल्या कानाला ऐकू येईनासा झाला आहे. स्पर्श म्हणजे मायेची पहिली भाषा. कुणाला कुणी हात लावायचा हे ठरवणारी व्यवस्था ही मुळात मायेचे वाटप करणारी व्यवस्था आहे. जमीन, पाणी, शाळा, देऊळ हे सगळे त्यानंतर.

आता साहित्याकडे येऊ. शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ साली आले. त्यातली आजी संतामाय सुगीच्या दिवसांत शेण गोळा करते. जनावरांनी खाल्लेल्या कणसांतले न पचलेले दाणे शेणात असतात. ती ते शेण धुऊन दाणे वेगळे काढते, वाळवते, दळते. नातवाला चांगल्या पिठाची भाकरी देते आणि शेणातल्या दाण्यांची स्वतः खाते. पोराला दोन भाकऱ्यांतला फरक दिसतो, तो आजीच्या भाकरीचा तुकडा मागतो, आणि तोंडात घातल्यावर त्याला वास येतो.

या प्रसंगावर दोन तऱ्हेचे वाचक दोन तऱ्हेने चुकतात. पांढरपेशा वाचक इथे थांबतो, डोळे पुसतो, किती भयंकर गरिबी ही, म्हणतो, आणि पान उलटतो. त्याच्यासाठी संतामाय ही गरिबीचा नमुना. आमचा तरुण वाचक म्हणतो, हे जगाला सांगून आपण आपलीच लाज काढतो. त्याच्यासाठी संतामाय ही झाकायची गोष्ट. दोघांच्याही नजरेतून एक साधी गोष्ट निसटते. घरात दोन प्रकारचे पीठ होते, आणि कुणी कोणते खायचे याचा निर्णय त्या बाईने घेतला होता. एवढ्या दारिद्र्यातही तिच्याकडे एक निर्णय उरलेला होता, आणि तो तिने नातवाच्या बाजूने घेतला. ती लाचार असती तर दोघांनी मिळेल ते खाल्ले असते.

त्याच पुस्तकात दादा आहेत. महमूद दस्तगीर जमादार, स्टँडवर हमाली करणारे मुसलमान गृहस्थ, संतामायसोबत राहणारे. रक्ताचे नाते नाही, धर्माचे नाही, जातीचे तर नाहीच. ज्या पोराला बापाचे नाव लावायची चोरी होती, त्याला या माणसाने जीव लावला. पाटलाघरच्या रक्ताने पोराला अक्करमाशी केले आणि परक्या धर्माच्या एका हमालाने त्याला नातू केले. माणसाचे माणसाशी नाते कशाने ठरते, यावर मराठीत इतके थेट उत्तर आम्ही फार कमी ठिकाणी वाचले आहे. आज ज्या तऱ्हेची हवा आहे, त्या हवेत तर 'अक्करमाशी' दादांसाठी पुन्हा वाचले पाहिजे.

पण वाचणे म्हणजे काय, हाही प्रश्न आहेच. आमची आत्मकथने विद्यापीठांत लागली, परीक्षेला आली, त्यांची इंग्रजी भाषांतरे झाली, हे चांगलेच झाले. मात्र या वाटेवर एक बाजार उभा राहिला. त्या बाजारात आमच्या आईचे अश्रू चालतात, आमच्या बापाचा युक्तिवाद चालत नाही. 'हृदयस्पर्शी' हा शब्द त्या बाजाराचा शिक्का आहे. जो वाचक भाकरीच्या प्रसंगाने हेलावतो, तोच आरक्षणाच्या नावाने तोंड वाकडे करतो, आणि भाड्याने खोली देताना आडनाव विचारतो. त्याच्या हेलावण्याला आम्ही दया म्हणतो. दया वरून खाली येते, आणि देणाऱ्याची जागा बदलत नाही.

बाबासाहेबांनी दिलेला शब्द वेगळा आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ते करुणेवर थांबत नाहीत, मैत्रीपर्यंत जातात. करुणा म्हणजे माणसाबद्दलचे प्रेम, मैत्री म्हणजे सगळ्या प्राणिमात्रांबद्दलचे. १९५४ सालच्या आकाशवाणीवरच्या भाषणात त्यांनी सांगितले की आपले तत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता, बंधुता या तीन शब्दांत आहे, पण ते फ्रेंच क्रांतीतून घेतलेले नाही, बुद्धाच्या शिकवणीतून घेतले आहे. आणि या तिघांत बंधुतेला त्यांनी सर्वांत वरचे स्थान दिले, कारण स्वातंत्र्याचे आणि समतेचे खरे रक्षण तीच करू शकते. कायदा ते काम अपुरे करतो, हे कायदा लिहिणाऱ्या माणसाने सांगितले आहे. म्हणून तरुण मित्रमैत्रिणींनो, मायेची गोष्ट निघाली की ती चळवळीच्या बाहेरची, बायकांची, कवींची म्हणून बाजूला सारू नका. आपल्या तत्त्वज्ञानाच्या तीन पायांतला जो पाय बाबासाहेबांनी सगळ्यांत महत्त्वाचा मानला, तो हाच.

आणि हा पाय आपल्याच घरात किती लंगडा आहे, तेही बोलले पाहिजे.

बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने १९८६ साली आले. फलटणला छोटेसे दुकान चालवणारी बाई, सामान बांधायला आणलेली रद्दी वाचता वाचता लिहू लागली, आणि वर्षानुवर्षे ते लिखाण नवऱ्याच्या नजरेपासून लपवून ठेवत राहिली. या पुस्तकात महारवाड्यातल्या बाळंतिणीची उपासमार आहे. कोवळ्या वयात लग्न होऊन आलेल्या सुना आहेत. पहाटे दळायला बसणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, झोप आणि पोट दोन्ही अर्धे राहिलेल्या. आणि पळून जाऊ पाहणाऱ्या सुनेच्या पायात घातलेला लाकडी खोडा आहे. तो खोडा गावातल्या पाटलाने घातलेला नाही. आपल्याच माणसांनी घातला आहे.

बेबीताईंनी हे लिहिले तेव्हा आपल्यातल्या पुष्कळांना ते आवडले नसणार. घरातली घाण बाहेर का काढता, हा आपला जुना सवाल आहे. पण त्यांचे म्हणणे आम्हाला अगदी सरळ दिसते. गावाने ज्याला दिवसभर तुडवले, त्याला संध्याकाळी तुडवायला कुणीतरी लागत होते, आणि सासूला जिने स्वतः सोसले होते तिलाही. जुलूम माणसाला चांगला बनवत नाही. हालअपेष्टांतून माणूस आपोआप मायाळू होतो ही कल्पना, ज्यांनी हालअपेष्टा पाहिल्या नाहीत त्यांनी पसरवलेली आहे. खोडा घालणाऱ्या वस्तीतही कुणीतरी सुनेला चोरून भाकरीचा तुकडा दिला असेल, तर तो तुकडा स्वभावधर्माने आलेला नव्हता. सगळे उलट सांगत असताना केलेली ती निवड होती. संतामायचीही तशीच.

बेबीताईंच्या पुस्तकात नवऱ्याची मारहाण फारशी नाही. इंग्रजी भाषांतराच्या वेळी माया पंडित यांनी घेतलेल्या मुलाखतीत त्या त्याबद्दल बोलल्या. पुस्तक समाजाचे लिहायचे म्हणून आपले दुःख त्यांनी मागे ठेवले होते. समाजासाठी आपले दुःख मागे ठेवणे हे काम आपल्या चळवळीत कुणाच्या वाट्याला येते, ते वेगळे सांगायला नको.

मल्लिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' १९८४ साली आले, 'अक्करमाशी'च्याच वर्षी. शाहीर अमर शेख यांची मुलगी, नामदेव ढसाळांची बायको, आणि स्वतः कवयित्री. ढसाळांच्या कवितेने कामाठीपुऱ्यातल्या बायकांकडे जशी पाहिली तशी मराठी कवितेने आधी कधी पाहिले नव्हते. त्या कवितेत शिव्यांच्या खाली जी अफाट माया आहे, ती ज्याला दिसली नाही त्याने 'गोलपिठा' वाचलाच नाही असे आम्ही म्हणू. आणि तरी त्याच कवीच्या संसारात राहताना काय सोसले, ते मल्लिकाताईंनी सगळे उघडपणे लिहिले. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचायचे धाडस आपण करत नाही. एक गट दुसऱ्या पुस्तकाला बदनामी म्हणतो, दुसरा गट पहिल्या पुस्तकाला ढोंग म्हणतो. आम्हाला दोन्ही खरी वाटतात, आणि त्या दोन खऱ्यांच्या मध्ये जी जागा आहे तिच्याबद्दल आपल्या अभ्यासवर्गात एक तास तरी दिला पाहिजे असे वाटते. परक्या बाईच्या दुःखाने पेटणारा माणूस घरातल्या बाईच्या दुःखाला थंड कसा राहतो? हा प्रश्न एका कवीपुरता नाही. मोर्चाहून रात्री बाराला आलेल्या आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याच्या घरात तो ताट वाढत उभा असतो.

रमाईचेही आपण असेच केले. वणंदची पोरकी मुलगी, १९०६ साली भायखळ्याच्या मासळीबाजारात लग्न, पाच लेकरांपैकी चार डोळ्यांदेखत गेलेली, १९३५ च्या २७ मे रोजी राजगृहात मृत्यू. या आयुष्यातून आपण एकच शब्द उचलला: त्याग. त्या शब्दाची मूर्ती केली आणि प्रत्येक कार्यकर्त्याच्या बायकोसमोर नेऊन ठेवली. रमाई बघ, गोवऱ्या थापल्या पण तक्रार केली नाही. ही रमाईची पूजा झाली, की घरातल्या बाईचे तोंड बंद करण्याची सोय झाली?

बाबासाहेबांनी स्वतः तसे केले नाही. राजरत्न १९२६ साली गेला, तेव्हा मित्राला लिहिलेल्या पत्रात ते एखाद्या साध्या बापासारखे मोडून पडलेले दिसतात. चार मुले पुरलेला बाप, जगण्यातली गोडी संपली असे सांगणारा. आपल्या कोटातल्या बाबासाहेबांच्या चित्रात हा बाप कुठे बसत नाही, म्हणून ते पत्र आपण फारसे वाचत नाही. त्यानंतर वर्षभराच्या आत, १९२७ च्या मार्चमध्ये, महाडला चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले. ज्यांना वाटते रडल्याने चळवळ दुबळी होते, त्यांनी या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. आणि १९४० साली 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा राजकारणावरचा कोरडाठाक, आकडेवारीने भरलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याची अर्पणपत्रिका त्यांनी रामूच्या नावाने लिहिली. त्यात तिच्या मनाचा चांगुलपणा आहे, आणि मित्र नसलेल्या, चणचणीच्या दिवसांत तिने आपल्यासोबत धीराने सोसले याची कृतज्ञता आहे. सोबत, हा शब्द महत्त्वाचा. तिने त्यांच्यासाठी होरपळून घेतले, एवढ्यावर त्यांनी ते सोडले नाही. दोघांनी मिळून काढलेले दिवस असे त्यांनी ते नोंदवले. आपण जयंतीच्या फलकावर 'त्यागमूर्ती' लिहितो, नवऱ्याने पुस्तकावर 'रामू' लिहिले.

आपल्या बायकांना हे आपल्याआधी कळले होते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. त्या ओव्यांत बाबासाहेब भाऊ आहेत. त्यांना ओवाळायचे असते, त्यांची वाट पाहायची असते. रमाई ही त्या घरची वहिनी आहे. शिक्षण न मिळालेल्या, सभेत मागे बसलेल्या बायकांनी एका राष्ट्रीय पुढाऱ्याला माहेरचा माणूस करून टाकले. ज्यांना कुणी हात लावत नव्हते त्यांनी महाराष्ट्रभर नाती जोडून ठेवली, तीही पहाटे दळताना. प्रचारगीत आणि प्रेमगीत यांच्यातली भिंत त्यांना ठाऊकच नव्हती. समीक्षकांच्या प्रश्नाला त्यांनी न विचारता उत्तर देऊन ठेवले आहे, पण जात्यावर बसलेल्या बाईला परिसंवादाला कोण बोलावतो?

माया केली म्हणून शिक्षा होते, हेही आपण आजच्या काळात पाहतो आहोत. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तला जब्या काळ्या चिमणीच्या मागे धावतो, कारण तिची राख टाकली की शालू वश होईल असे त्याने ऐकले आहे. त्याचे प्रेम इतके कोवळे आहे की ते त्याने बोलूनही दाखवलेले नाही. आणि त्याच शालूच्या, सगळ्या वर्गाच्या डोळ्यांदेखत त्याला घरच्यांसोबत डुक्कर धरायला लागते. शेवटच्या दगडाबद्दल पुष्कळ लिहून झाले. आम्हाला तो दगड प्रेक्षकांवर पडला की व्यवस्थेवर, यापेक्षा तो कुठून सुटला हे महत्त्वाचे वाटते. तो प्रेमातून सुटला आहे. विद्रोह आणि हळुवारपणा यांतले निवडा म्हणणाऱ्यांनी जब्याला विचारावे, त्याने कोणता हात वापरला.

पडद्याबाहेर जब्याला दगड उचलायची संधीही मिळत नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये, 'फँड्री' चित्रपटगृहांतून उतरून फार दिवस झाले नव्हते तेव्हा, नगर जिल्ह्यातल्या खर्ड्याला बारावीच्या वयाचे आपले एक पोर मारून टाकले गेले. सवर्ण मुलीशी बोलतो, हा त्याच्यावरचा आरोप. पुढे खटल्यात आरोपी सुटले. बोलणे, हसणे, एखाद्याच्या पोराने एखादीकडे पाहणे ही साहित्यात चांदण्याची सामग्री आहे. आमच्या पोरांसाठी ती जोखीम आहे. आमच्या कवितेत प्रेमगीते कमी का, असे विचारणाऱ्या रसिकांना आम्ही खर्ड्याचा पत्ता देतो.

रोहित वेमुलाचे पत्र आता जुने होत आले. १७ जानेवारी २०१६. त्या पत्राचे आपण पोस्टर केले, आणि करायलाच हवे होते. पण पोस्टरवर जेवढे मावते तेवढेच आपण लक्षात ठेवले. कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचे स्वप्न, ताऱ्यांचे वेड, निसर्गाबद्दलची ओढ, जाताना मित्रांची काळजी, हे सगळे त्या पत्रात आहे. विद्यापीठाच्या प्रांगणात आंबेडकरी विद्यार्थी संघटनेचा झेंडा घेऊन उभा राहिलेला, वसतिगृहातून काढल्यावर उघड्यावर झोपलेला पोरगा, तारे पाहत होता. त्याला आपण लढवय्या म्हणतो. तो लढवय्या होताच. पण शिष्यवृत्ती थांबलेली, घराची जबाबदारी डोक्यावर, आणि मनात हे सगळे, अशा आपल्या पोराला 'जेवलास का' असे रोज विचारणारी किती माणसे चळवळीत असतात? अत्याचाराच्या गावाहून सत्यशोधन करून परतलेल्या कार्यकर्तीला अहवाल कधी देतेस, हे लगेच विचारले जाते. तिला त्या रात्री झोप लागली का, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. असे विचारले तर आपण कमी क्रांतिकारक ठरू, अशी भीती कुणी घातली आहे? बाबासाहेबांनी तर घातलेली नाही.

कोवळे लिहायला घ्या, असा फतवा आम्ही काढत नाही. ज्याला आग लिहायची त्याने आग लिहावी, अजून पुष्कळ जाळायचे शिल्लक आहे. वामनदादा कर्डकांनी दोन्ही सूर एकाच गळ्यातून काढले, त्यांना कधी परवानगी मागावी लागली नाही. आमचे भांडण आहे ते आधी कात्री हातात घेऊन बसणाऱ्यांशी, मग ते परिसंवादातले असोत वा आपल्या व्हॉट्सअॅप गटातले. आईचे दुःख लिहिणाऱ्या पोरीला 'रडकी' म्हणू नका. प्रेमकविता लिहिणाऱ्या पोराला 'भरकटला' म्हणू नका. आणि आपल्या लिखाणातली माया कुणी दयेच्या भावात विकत घ्यायला आला, तर त्याला त्यातला हिशेब दाखवा: न्हावी होते, पैसे होते, तरी केस बहिणीने कापले.

येत्या २७ मे रोजी वस्त्यावस्त्यांत रमाईचा स्मृतिदिन होईल. भाषणांच्या यादीत पुरुष वक्तेच जास्त असतील, आणि खीर, भात, भाजी करायला त्या पहाटे चारला उठलेल्या बाया मंडपाच्या मागे असतील. आमची सूचना साधी आहे. त्या दिवशी मंडपाच्या मागे आपण, पुरुषांनी, बसावे. कांदा चिरावा, भांडी घासावी. पुढच्या खुर्च्यांवर त्या बायांनी बसावे, आणि रमाईबद्दल काय बोलायचे ते त्यांना ठरवू द्यावे. त्या त्याग म्हणतील, राग म्हणतील, की रामू म्हणतील, ते आपण भात गाळता गाळता ऐकू.